मुलींसाठी सोपी लेवल

आमच्या कामठ्याच्या घरातली मधली खोली कोणाचीच नव्हती, म्हणून टीव्ही तिथे होता. अंगणातून स्वयंपाकघरात जायचं तर तिच्यातून, मागच्या गोठ्यात जायचं तरी तिच्यातूनच. एका भिंतीला धानाची पोती रचलेली, समोरच्या भिंतीला टीव्ही, आणि मधे चटईवर मांडी घालून आम्ही दोघं भावंडं. चेतनदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो नागपूरला शिकायला होता तेव्हा त्याच्या खोलीतल्या मित्राने खेळायचं नवीन मशीन घेतलं आणि जुनं याच्या गळ्यात मारलं. एक मशीन, दोन कंट्रोलर आणि फुटबॉलचा एकच गेम, एवढंच पोराने नागपूरहून कमावून आणलं असं बाबा म्हणायचे. मी पेनल्टी मारायला बोट उचललं की बाबा खांद्यावर फावडं घेऊन नेमके टीव्हीसमोरून जायचे, "कोण जिंकून राहिलं?" असं विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत गोठ्यात पोहोचलेले असायचे. टीव्हीतल्या मैदानावर साठ हजार माणसं ओरडत असायची आणि गोठ्यात आमची म्हैस. दोन्ही आवाज मला आजही एकत्रच आठवतात.

दादा राईस मिलमध्ये कामाला लागला होता. संध्याकाळी घरी आला की त्याच्या भुवयांवर कोंड्याची पांढरी धूळ असायची. तोंड धुवायच्या आधी तो मशीन लावायचा, कारण एकदा तोंड धुतलं की आई काहीतरी काम सांगते हे त्याला माहीत होतं. आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळत असेल तर वास मधल्या खोलीत यायचाच. कंट्रोलरला तेलाचा हात लावायचा नाही हा दादाचा एकमेव नियम, म्हणून मी खेळताना तोच वड्याचे तुकडे माझ्या तोंडात घालायचा. मी तोंड उघडायची, नजर पडद्यावरून हलवायची नाही. माझी पाळी आली की तो म्हणायचा, "थांब, सेट करून देतो." काहीतरी खटखट दाबायचा आणि कंट्रोलर माझ्या हातात द्यायचा. मी जिंकायची. तीन गोल, चार गोल. "लेजेंड लेवलवर खेळून राहिली माझी बहीण," असं तो बाबांना ओरडून सांगायचा. लेजेंड म्हणजे त्या गेममधली सगळ्यात कठीण पायरी. मला वाटायचं, कठीण कठीण म्हणतात ते हेच होय? एवढंसंच?

मी आता संघटनेची पत्रकं लिहिते. मुलींच्या वसतिगृहासाठी, वेळेवर न येणाऱ्या बससाठी, कुलूप लावून ठेवलेल्या शौचालयासाठी. पत्रक एका पानात मावलं पाहिजे आणि पहिल्या ओळीत कोणाची चूक आहे ते कळलं पाहिजे, असं मला शिकवलं गेलंय. त्यामुळे वड्यांवर एवढी शाई घालवताना थोडी लाज वाटते. पण त्या घराने मला जे दिलं ते एका पानाचं नाही, आणि या प्रकरणात सगळ्यात मोठी चूक कोणाची होती ते शेवटी येणार आहे. वाचणाऱ्याने दम धरावा.

मी कॉलेजला गोंदियाला जायची. कॉलेज दीड वाजता सुटायचं, गावाची बस चारला. मधल्या अडीच तासांचं काय करायचं हा प्रश्न मुलांना पडत नाही. ते पानठेल्यावर उभे राहतात, पुलाच्या कठड्यावर बसतात, कुठेही असतात. मुलगी कुठे उभी राहिली की तिला कारण द्यावं लागतं. बाजारातल्या एका गल्लीत गेम खेळायचं दुकान होतं. काचेचा दरवाजा, आत पंखा, प्यायला पाणी. मी आणि माझ्या वर्गातल्या तिघी तिथे जाऊ लागलो. चार वाजेपर्यंत बसायला गोंदियात ती एकच जागा होती जिथे कोणी "काऊन बसल्या?" असं विचारत नव्हतं. समोरच्या हॉलमध्ये दोन मोठे टीव्ही होते. आणि भिंतीवर एक बोर्ड होता, स्केचपेनने छान अक्षरात लिहिलेला: लेडीज़ के लिए छोटा टीवी, आसान लेवल.

छोटा टीव्ही मागच्या बोळात होता, बाथरूमच्या दाराला लागून.

दुकान चालवणाऱ्याला सगळे भैया म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यामुळेच जास्त संताप येत होता. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं. मी एका दुपारी विचारलंच.

"भैया, ये बोर्ड काहे को लगाया?"

"बहन, आप लोगों के भले के लिए है. लड़कियाँ दो बार हारती हैं तो तीसरी बार आती नहीं."

"और लड़के हारे तो?"

"लड़के तो गाली देके फिर खेलते हैं."

"गाली हमको भी आती है," माझ्या मागून निशा म्हणाली. निशा त्या तिघींतलीच एक, तिकडे दरेकशाकडून रेल्वेने यायची, आणि तिला शिव्या खरोखरच येत होत्या.

हॉलमधली पोरं हसली. त्यातला एक खुर्ची फिरवून म्हणाला, "लेजेंड पे कम्प्यूटर से एक बार खेल के दिखाओ, रोना आ जाएगा." आणि माझं तोंड सुटलं. मी म्हणाले, घरी रोज लेजेंडवर खेळते, रोज जिंकते. पुढच्याच्या पुढच्या रविवारी इथे, मोठ्या टीव्हीवर, सगळ्यांसमोर कम्प्यूटरशी एक मॅच. मी हरले नाही तर बोर्ड उतरवायचा. भैयाने हसून मान डोलावली. तेवढ्यावर थांबायला काय झालं होतं? पण मी पुढे म्हणाले, "और हार गई तो इस दुकान में फिर पाँव नहीं रखूँगी." हे कोणी मागितलंच नव्हतं. आपणहून जास्तीचं पणाला लावण्याची ही खोड माझी अजून गेलेली नाही, आमच्या बैठकांमध्ये आता मला त्यावरून चिमटे काढतात.

घरी आले. दादा बाबांबरोबर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पऱ्ह्यांची रोपं उपटायला गेला होता, रोवणीचे, लावणीचे दिवस होते. मी पहिल्यांदाच एकटीने मशीन लावलं. पडद्यावर लेवल निवडायची यादी आली आणि ज्या नावावर खूण होती ते नाव होतं 'अमॅच्युअर'. वरून दुसरं, सोप्यातलं. मला वाटलं दादाने स्वतःसाठी ठेवलं असेल. मी खाली खाली जात शेवटच्या 'लेजेंड'वर आले आणि बटण दाबलं.

सात गोल झाले. मला नाही, माझ्यावर. चेंडू माझ्याकडे आला की दोघं येऊन घेऊन जायचे. मी त्यांच्यामागे धावायची तर ते तिसऱ्याला द्यायचे, आणि तिसरा तिथे असायचा जिथून मी नुकतीच निघून आले होते. मी तीन मॅच खेळले. तिसरी संपेपर्यंत मला सगळं समजलं होतं, 'थांब, सेट करून देतो' समजलं होतं. दादा पायाला चिखल घेऊन दारात उभा राहिला तेव्हा मी पडद्याकडे बोट केलं.

"दादा, तू मले अमॅच्युअरवर खेळवत होता?"

त्याने पडदा पाहिला. चिखल पाहिला. "काऊन, आता मशीन उघडून पाहून राहिली का तू?"

"मी विचारते ते सांग."

"त का करू मंग? पहिल्या दिवशी तू हारली, आठवते का तुले? दोन वेळा जेवली नाही. आई मलेच बोलली. म्हणून मी..." त्याने हात धुवायला तांब्या उचलला. "तू जिंकली की घर कसं बरं राहते, पोट्टे."

मी तरीही बोललेच. म्हणाले, त्या भैयाने निदान भिंतीवर लिहून तरी ठेवलंय, तू लपवलंस. त्याचा बोर्ड उतरवायला मी निघाले आणि माझ्याच घरात तोच बोर्ड लागलेला होता. दादा पायाचा चिखल धूत राहिला. नंतर त्याला पैजेचं सांगितलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. त्याच्या चांगुलपणावर विसंबून मी शहरभर दवंडी पिटून आले होते हे त्याला कळलं. माझ्यावर माया करणारी माणसं मला न विचारता माझ्यासाठी सोपं करून ठेवतात, याचा राग मला तेव्हा पहिल्यांदा आला. आता त्यावर भाषण करते. पण भाषणात दोन वेळा न जेवलेल्या बहिणीची गोष्ट सांगत नाही, कारण मग लोक दादाच्या बाजूने होतात.

त्या संध्याकाळपासून तो मिलमधून येऊन माझ्या शेजारी बसायला लागला. आता सेट करून देणं बंद. दादालाही लेजेंड जमत नव्हतं, पण बाजूला बसलेल्याला खेळणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं. त्याने सांगितलेली पहिली गोष्ट, धावायचं बटण सोड. माझं बोट त्या बटणावर कायमचं दाबलेलं असायचं, अमॅच्युअरवर ते चालून जातं. लेजेंडवर धावणाऱ्याच्या पायातून चेंडू दोन हात पुढे पडतो आणि तेवढ्यात तो गेलेला असतो. दुसरी गोष्ट, लांब मारू नको, जवळच्याला दे, वाटल्यास मागे दे. माझ्या हाडात नव्हतं ते. मागे दिला की मला हरल्यासारखं वाटायचं. सातचे पाच झाले. पुन्हा पाच. मग चार, मग परत सहा, कारण मी चिडले होते. आठ दिवस गेले आणि आकडा चाराखाली येईना. माझ्या बचावातला मधला माणूस दर वेळी जागा सोडून पुढे जायचा. जायचा काय, मीच न्यायची. समोर चेंडू दिसला की माझ्याने थांबवत नसे.

आई रोवणीवरून येऊन उंबरठ्यावर बसली होती. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, तिथे ती हळद आणि तेल लावत होती. आमच्या वस्तीतल्या बायका आळीपाळीने एकमेकींच्या बांधीत रोवणीला जातात, आणि त्या रांगेचं पहिलं टोक नेहमी आईचं. ती मिनिटभर पडद्याकडे बघत राहिली.

"हे लाल कपड्यांतले आपले का व?"

"नाही, निळे."

"मंग हा निळा तिकडे कायले पळून राहिला? त्याची जागा खाली नाही झाली का?"

"आई, तो चेंडू घ्यायला गेला."

"घेतला का मंग?"

तेवढ्यात गोल झाला. दादाने तोंडावर हात ठेवला. आई म्हणाली, "तू नव्या बाईवाणी करून राहिली. रोवणीत नव्या बाईले घाई असते. ते समोर पाय टाकते आन् आपलेच रोवलेले पऱ्हे तुडवते. मंग मलेच पुन्हा रोवा लागते. डोळे समोर ठेवायचे, पाय मागं. मागं मागं सरकायचं, अन् बाजूच्या बाईची रांग सोडायची नाही." एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. ती उठली, तेलकट पायांनी टीव्हीसमोर आली, कमरेत वाकली आणि रिकाम्या जमिनीत बोटं खुपसत मागे मागे सरकत थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. बाबा फावडं घेऊन येत होते, त्यांच्यावर आदळली.

"का झालं?" बाबा म्हणाले.

"पोट्टीले फुटबॉल शिकवून राहिली."

हसून हसून दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण मी हसले नाही, कारण मला ते दिसलं होतं. त्या गेममध्ये एक बटण आहे, ते दाबून धरलं की आपला खेळाडू समोरच्याकडे तोंड करून मागे मागे सरकतो. ते मला माहीत होतं आणि मी ते भित्र्या लोकांचं बटण समजत होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी आईबरोबर बांधीत गेले. त्या मोसमात मी पहिल्यांदाच गेले, खेळाच्या नादात टाळत होते. बायकांनी "आली, गेमवाली आली" म्हणून स्वागत केलं. माझ्या हातात पऱ्ह्यांची जुडी देऊन आईने मला आपल्या बाजूला उभं केलं. पहिल्या अर्ध्या तासात माझा पाय पुढे पडला. पुढे रोवणीतली एक जागा वाकडी दिसली आणि मी ती सरळ करायला गेले, बस. पायाखाली रोवलेल्या रोपांचे चार चूड गेले. शेजारची काकू म्हणाली, "वाकडं राहू दे ना बाई, तुडवलेलं त उगवत नाही." दुपारपर्यंत माझी कंबर गेली, पण पायांना कळलं. रांगेतली एकही बाई वर मान करून दुसरीकडे बघत नव्हती, तरी प्रत्येकीला बाजूची कुठे आहे ते माहीत होतं. त्या संध्याकाळी लेजेंडवर माझ्यावर दोन गोल झाले. शनिवारी एक. एक मॅच शून्य-शून्य सुटली तेव्हा दादाने मला उचलून धानाच्या पोत्यांवर बसवलं आणि बाबा या वेळी उत्तर ऐकायला थांबले.

रविवारी दादा मला मोटरसायकलवर घेऊन गेला. दुकानात आत यायला तो तयार नव्हता, म्हणाला, मी असलो की तू माझ्याकडे बघशील. तो बाहेर गाडीवरच बसून राहिला. आत पंधरा-वीस पोरं, निशा आणि त्या दोघी. भैयाने स्वतः लेवल निवडून सगळ्यांना दाखवली, "देख लो, लेजेंड." पहिल्या हाफमध्ये मी जवळजवळ काहीच केलं नाही. मागे सरकत राहिले, जागा धरून राहिले, चेंडू मिळाला की जवळच्याला दिला. पोरांना कंटाळा आला. "ये क्या खेल रही है, चलते चलते?" पण कम्प्यूटरला वाट सापडत नव्हती. हाफ झाला, शून्य-शून्य. भैयाने माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि पोरांना म्हणाला, "तुम लोग हाफ तक तीन खा चुके होते हो, चुप बैठो."

गेममधला हाफ सहा मिनिटांचा, दुसऱ्या हाफचीही पाच मिनिटं तशीच गेली. आता मला फक्त एक मिनिट थांबायचं होतं. शून्य-शून्य म्हणजे मी हरलेली नाही, म्हणजे बोर्ड खाली. मागून कोणीतरी म्हणालं, "ड्रॉ कर लेगी, डर डर के." बस, तेवढंच. माझ्या डोक्यात आलं की असं सुटणं म्हणजे पुन्हा सोपंच. जिंकूनच दाखवायचं. माझं बोट धावायच्या बटणावर गेलं, मी मधल्या माणसाला पुढे काढलं, चेंडूच्या मागे नेलं. कम्प्यूटरने एक पास दिला, त्या रिकाम्या जागेत. पुढचं मला बघायची गरज नव्हती.

शून्य-एक. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ती. बोर्ड लिहिणाऱ्याची नाही, सेट करून देणाऱ्याची नाही. माझी.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही, हे सांगायला हवं. भैया खरोखर हळहळला. "अच्छा खेला बहन. बहुत अच्छा खेला." त्याने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं मी मागितलं असतं तर त्याने तो उतरवलाही असता, आणि नेमकं म्हणूनच मला मागता येईना. मी कंट्रोलर टेबलावर ठेवला, म्हणाले, "शर्त शर्त है," आणि काचेचा दरवाजा ढकलून बाहेर पायरीवर आले. मी त्यानंतर त्या दुकानात पाऊल ठेवलं नाही. आता तिथे मोबाईलची कव्हरं विकतात.

दादाने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. त्याने काही विचारलं नाही, गाडीला किक मारली. मी मागे बसायला वळले आणि काचेतून आत बघितलं. मी उठून आलेल्या खुर्चीत निशा बसली होती. मोठ्या टीव्हीसमोर. भैया तिला हाताने मागच्या बोळाकडे दाखवत होता. दरवाजा अजून पुरता लागला नव्हता, तिचा आवाज स्पष्ट बाहेर आला.

"हारी तो वो है भैया. मेरी कहाँ कोई शर्त लगी थी? लगाओ, वही लेवल."

"अरे बहन, छह-सात गोल खाएगी."

"मैं खाऊँगी ना. आपको क्यों अपच हो रहा है?"

भैयाने टेबलावरचा कंट्रोलर उचलला. मग त्याने लेवल लावली. बाकी दोघी निशाच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या ओढून बसल्या, आणि खुर्ची सोडावी लागली म्हणून एक पोरगा पुटपुटत भिंतीला टेकला. पाच मिनिटांत निशावर चार गोल झाले. प्रत्येक गोलाला ती असं काही बोलत होती की दरवाजा लागल्यामुळे काचेबाहेर ऐकू येत नसूनही पोरांच्या चेहऱ्यांवरून मला शब्द कळत होते. कोणी तिला उठवत नव्हतं. पुढची बारी कोणाची यावरून त्या दोघींचं भांडण सुरू झालं होतं.

"चाल ना, आई वाट पाहून राहिली असन," दादा म्हणाला.

"गाडी बंद कर," मी म्हणाले. "तिचा दुसरा हाफ बाकी आहे."